हस्तलाघवाचे मोल

महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. गुरूने अंगठा मागितला आणि शिष्याने तो कापून दिला, एवढा भाग लहान मुलालाही सांगता येतो. परंतु त्या कथेतील दोन बारकावे बहुधा आपल्या नजरेतून निसटतात. पहिला असा की, पांडवांचा कुत्रा भुंकू लागला तेव्हा एकलव्याने त्याच्या तोंडात एक बाण मारला नाही, सात मारले. आणि ते जणू एकाच वेळी सुटले असावेत इतक्या त्वरेने. पांडवांनी वाखाणली ती त्याच्या हाताची ही त्वरा आणि केवळ आवाजावरून वेध घेण्याची विद्या. दुसरा बारकावा अंगठा गेल्यानंतरचा आहे. एकलव्याचे धनुष्य कायमचे सुटले, असे कथाकार सांगत नाही. तो सांगतो की, एकलव्य पुढे बोटांनी बाण सोडू लागला, मात्र पूर्वीची त्वरा त्याच्या हाताला राहिली नाही. म्हणजे गुरूने धनुष्य मागितले नाही की भाता मागितला नाही. जी मागितली ती त्वरा होती. संस्कृतात या त्वरेला लाघव म्हणतात, आणि आपण मराठीत आजही कुशल कारागिराच्या हाताचे वर्णन करताना हस्तलाघव हाच शब्द वापरतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय हे हस्तलाघव होय. जुन्या काळचे तिरंदाज खरोखरच इतक्या वेगाने बाण सोडीत होते काय? सोडीत असल्यास त्या वेगाचा व्यवहारात उपयोग काय होता? आणि इतका उपयोग होता, तर तो वेग जगातून गेला कसा? हे तीन प्रश्न आम्ही क्रमाने घेणार आहोत.

आम्ही धनुर्विद्येचे पंडित नव्हे, की सैन्यात नोकरी केलेले नव्हे. आमची उमर कामगारांच्या संघटनेत गेली. तेथे वेगाची गोष्ट रोज निघते. एका मिनिटाला नग किती, एका पाळीला किती, हे घड्याळ लावून मोजणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले. त्यामुळे वेगाचा आकडा कोणी सांगितला की तो किती वेळ टिकतो, त्यासाठी लागणारा माल कोण पुरवतो, आणि शरीर कोणाचे झिजते, हे विचारण्याची आम्हाला सवय लागली आहे. इतिहास वाचतानाही ती सुटत नाही. याच सवयीने आम्ही तिरकमठ्याकडे पाहिले.

वेग किती होता?

२०१५ साली डेन्मार्कमधील लार्स अँडरसन नावाच्या तिरंदाजाची एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. पाठीवरच्या भात्यातून एकेक बाण न काढता तो अनेक बाण दोरी ओढणाऱ्या हातातच धरतो, आणि धावता धावता, उड्या मारता मारता एकामागून एक सोडतो. पाहणारे थक्क झाले. त्याचबरोबर जाणत्या तिरंदाजांनी आक्षेपही घेतले. धनुष्य हलके आहे, दोरी पुरती ओढलेली नाही, असल्या बाणाने चिलखत काय फुटणार, असे ते म्हणाले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून जुन्या नोंदी पाहणे बरे.

अमेरिकन चित्रकार जॉर्ज कॅटलिन हा १८३२ साली मिसूरी नदीच्या वरच्या अंगास मँडन जमातीच्या गावी राहिला होता. तेथील तरुणांचा एक खेळ त्याने लिहून आणि चित्र काढून ठेवला आहे. आठ-दहा बाण धनुष्यासकट डाव्या मुठीत धरावयाचे, पहिला बाण आकाशात सोडावयाचा, आणि तो जमिनीवर पडण्यापूर्वी जितके सोडता येतील तितके त्याच्यामागून सोडावयाचे. ज्याचे सर्वांत जास्त बाण एका वेळी हवेत, तो जिंकला. प्रत्येकाने ढाल, वस्त्र, चिलीम असे काहीतरी पणाला लावलेले असे, ते सारे जिंकणाऱ्याला मिळे. कॅटलिनने एका वेळी आठ बाण हवेत पाहिल्याचे लिहिले आहे. हेच तरुण घोड्यावर बसून रानरेड्यांची शिकार करीत. भरधाव जनावराच्या शेजारून घोडा काढताना दुसरा बाण तयार नसेल तर शिकार गेलीच. तेव्हा तो खेळ नुसता खेळ नव्हता, पोटाच्या विद्येचा सराव होता.

अरबी आणि तुर्की परंपरेतील तिरंदाजीच्या ग्रंथांतही बाण हातात धरून ठेवण्याच्या रीती दिलेल्या आहेत. चौदाव्या शतकात इजिप्त-सीरियाच्या मामलूक राज्यात तैबुगा याने लिहिलेला ग्रंथ त्यांपैकी प्रसिद्ध आहे. तात्पर्य, बाण हातात ठेवून झपाट्याने सोडण्याची कला ही आजच्या चित्रफितीतील करामत म्हणून उडवून देता येत नाही. ती अनेक देशांत होती, शिकवली जात होती.

या कलेचे मर्म डोळ्यात कमी आणि हातात जास्त आहे. पुन्हा आदिपर्वातलाच दाखला घ्या. अर्जुन जेवत असता वाऱ्याने दिवा विझला, तरी हाताचा घास तोंडाकडेच गेला. ते ध्यानी येऊन त्याने रात्रीच्या अंधारात सराव सुरू केला, अशी कथा आहे. बाण पाहून दोरीला लावणारा माणूस संथ असतो. ज्याच्या बोटांना न पाहता खाच सापडते तो जलद होतो. खिळे जुळवणारा जुना कंपॉझिटर किंवा तुटलेला धागा जोडणारा कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

पण आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही हिशेबात धरले पाहिजे. धनुष्य म्हणजे हाताची शक्ती साठवून एकदम सोडणारी काठी. दोरी जितकी ओढावी तितका तिचा जोर वाढत जातो, त्यामुळे अर्धी ओढ घेतली तर शक्ती अर्धी न राहता सुमारे पाव भागावर येते. घाईत दोरी पुरती न ओढणारा तिरंदाज बाण अधिक सोडील, पण त्याच्या बाणांत दम राहणार नाही. म्हणून वेगाचा आकडा ऐकला की धनुष्य किती जड आणि ओढ किती, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. कारखान्यात नगांची संख्या सांगून प्रत लपवण्यासारखेच ते होय.

वेग कशासाठी?

आता उपयोगाकडे वळू. दूरवर शत्रूची दाटी उभी असेल तर एका बाणात आणि दुसऱ्यात दोन सेकंदांचे अंतर पडले काय आणि सहा सेकंदांचे पडले काय, फारसे बिघडत नाही. वेगाची खरी किंमत कळते ती संकट अंगावर धावून येते तेव्हा. भरधाव घोडा सेकंदाला दहा मीटर तरी तोडतो. दोनशे मीटरांवरून निघालेला स्वार वीस सेकंदांत तुमच्या छातीशी येतो. सहा सेकंदांना एक बाण सोडणाऱ्याला त्या अवधीत तीन संधी मिळतात, तीन सेकंदांना एक सोडणाऱ्याला सहा. या तिघा-सहांच्या फरकात जीव आहे.

याचे एक दुःखद उदाहरण आपल्याच देशात घडले. इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पौरव राजा आणि अलेक्झांडर यांची लढाई झाली. त्या काळच्या हिंदी पायदळाच्या धनुष्याचे वर्णन ग्रीक इतिहासकार एरियन याने दिले आहे. धनुष्य माणसाच्या उंचीचे. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून दोरी मागे ओढावयाची. बाण जवळजवळ तीन हात लांब. त्यापुढे ढाल आणि चिलखत टिकत नसे, असे शत्रूपक्षाचा हा लेखकच सांगतो. पण कुर्टिअस या रोमन इतिहासकाराने त्या दिवसाची हकीकत दिली आहे ती अशी की, जमीन निसरडी झाली होती, जड धनुष्ये टेकवता येईनात, आणि बाण सुटण्यापूर्वीच चपळ शत्रू अंगावर आला. शस्त्र जबरदस्त होते, माणसे शूर होती, पण वेळ पुरली नाही.

याच्या उलट प्रकार इ. स. पूर्व ५३ मध्ये कारे येथे दिसतो. रोमचा धनाढ्य सेनापती क्रासस मोठे पायदळ घेऊन इराणच्या पार्थियन राज्यावर चालून गेला. पार्थियन सेनापती सुरेना याच्याजवळ घोडेस्वार तिरंदाज होते. ते चारी बाजूंनी बाण सोडीत, आणि रोमन पुढे सरले की मागे वळून सोडीत. क्राससने मनाशी हिशेब केला की, भाते रिकामे झाले म्हणजे हे थांबतील. तो हिशेब चुकला. प्लुटार्क सांगतो की, सुरेनाने बाणांनी लादलेले उंट मागे उभे केले होते. भाता संपलेला स्वार तेथे जाई आणि भरून परत येई. रोमनांना हे उमगले तेव्हा त्यांचा धीर खचला. प्लुटार्कच्या सांगण्याप्रमाणे वीस हजार मेले आणि दहा हजार पकडले गेले.

या लढाईचे श्रेय इतिहासकार तिरंदाजांना देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आमची नजर त्या उंटांवर जाते. प्रत्येक बाणाचा दांडा कोणीतरी सरळ केला, पिसे कोणीतरी बांधली, पाते कोणीतरी घडवले, आणि ते ओझे कोणीतरी वाळवंटातून हाकत आणले. पुढचा हात वेगाने चालतो तो मागच्या शेकडो हातांच्या जिवावर. त्या शेकडो हातांपैकी एकाचेही नाव प्लुटार्कने लिहून ठेवलेले नाही.

अकरा लाख नव्वद हजार पिसे

वेगाच्या मागचा हा हिशेब जितक्या बारकाईने मांडता यावा तितका कागदोपत्री पुरावा इंग्लंडात शिल्लक आहे. म्हणून तिकडे थोडे सविस्तर जाऊ.

चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत इंग्रजांचा लांब कमठा युरोपात गाजला. १३४६ साली क्रेसी येथे आणि १४१५ साली आझिनकोर येथे फ्रान्सच्या सरदारी घोडदळाची त्याने दाणादाण उडवली. चांगला तिरंदाज मिनिटाला दहा-बारा बाण सोडी, असा आकडा ग्रंथांतून मिळतो. बाणांचा एक जुडगा चोविसांचा असे. १५४५ साली बुडालेले आणि १९८२ साली समुद्रतळातून वर काढलेले ‘मेरी रोज’ हे इंग्रजी जहाज प्रसिद्ध आहे. त्याच्या सामानात बाण अडकवण्याच्या चामड्याच्या चकत्या मिळाल्या, त्यांनाही चोवीसच भोके आहेत. मिनिटाला दहा बाण धरले तर हा जुडगा अडीच मिनिटांच्या आत संपतो. मग?

मग मागची फळी चालू लागते. १४१८ च्या डिसेंबरात पाचव्या हेन्रीने परगण्यांच्या शेरिफांकडून ११,९०,००० हंसपिसे मागवली. एका बाणाला तीन पिसे लागतात. म्हणजे सुमारे चार लाख बाण झाले. पाच हजार तिरंदाज मिनिटाला दहाच्या वेगाने हे बाण सोडू लागले तर ते किती वेळ पुरतील? आठ मिनिटे. गावोगावच्या शेतकऱ्यांनी पाळलेल्या हंसांची पिसे गोळा करावयाची, गाड्या भरून पाठवावयाची, कारागिरांनी ती एकेक करून बांधावयाची, आणि पुऱ्या वेगाने लढावयाचे ठरवल्यास आठ मिनिटांत सारे आकाशात. यावरून उघड दिसते की, तो वेग साऱ्या लढाईभर चालत नसे, चालणे शक्यच नव्हते. तो निर्वाणीच्या क्षणासाठी राखून ठेवलेला वेग होता.

या मागणीची झळ कोणाकोणाला लागली, तेही पाहण्यासारखे आहे. १४१६ साली कायदा झाला की, लाकडी खडावा करणाऱ्यांनी ॲस्पेन झाडाचे लाकूड वापरू नये, कारण ते बाणांच्या दांड्यांना हवे. मोडणाऱ्याला शंभर शिलिंग दंड. पुढे १४७२ साली कायदा झाला की, परदेशी माल घेऊन इंग्लंडात येणाऱ्या जहाजांनी मालाच्या टनामागे धनुष्यांसाठी चार काठ्या आणल्याच पाहिजेत. तिरंदाजाच्या त्या एका झपाट्यासाठी खडावा करणाऱ्याचे लाकूड गेले आणि दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या मालावर काठ्यांचा भार चढला.

आणि ज्याच्या हातात तो वेग होता, त्याचे काय? मेरी रोजवर १३७ अखंड धनुष्ये मिळाली. त्यांची ओढ १०० पासून १८५ पौंडांपर्यंत असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे; म्हणजे सुमारे ४५ ते ८४ किलो. मध्यम धरून साठ किलो घेऊ. आपल्या बाजारातला हमाल पन्नास किलोचे पोते उचलतो तेव्हा पाठ आणि मांड्या मिळून ते काम करतात. येथे एक हात पुढे रोखून, दुसऱ्या हाताने आणि पाठीने साठ किलोचा जोर कानापर्यंत ओढावयाचा, आणि तो मिनिटात दहा वेळा. त्या जहाजावर बुडालेल्या माणसांच्या सांगाड्यांचा अभ्यास ॲन स्टर्लंड या विदुषीने केला. खांद्याच्या फऱ्याचे टोक वयात येताना सांध्याने जुळून एक होते. या सांगाड्यांत ते न जुळलेले असे अनेक खांदे आढळले. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कामाने शरीरावर ठेवलेली खूण साडेचारशे वर्षे समुद्राच्या गाळात राहूनही पुसली गेली नाही.

असा हात तयार होण्यास किती काळ लागे, हे बिशप लॅटिमर याने १५४९ च्या एका प्रवचनात सांगितले आहे. शेतकऱ्याचा मुलगा तो. त्याच्या बापाने त्याला वयाच्या आणि शक्तीच्या मानाने धनुष्ये घेऊन दिली. मुलगा वाढला तसे धनुष्य वाढत गेले. आणि दोरी नुसत्या हातांनी न ओढता सारे अंग टाकून कशी ओढावी, ते शिकवले. लहानपणापासून सराव केल्यावाचून कोणी चांगला तिरंदाज होत नाही, असे त्याचे मत होते.

येथे आम्हाला एक गोष्ट विशेष वाटते. या शिक्षणाचा खर्च राजाने केला नाही. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला की, धडधाकट माणसांनी सणाच्या दिवशी चेंडूचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी सोडून धनुष्याचा सराव करावा. १३८८ च्या कायद्याने नोकर आणि मजूर यांच्यावर रविवारी आणि सणावारी हाच सराव लादला. आठवड्याचे सहा दिवस ज्याने दुसऱ्याच्या शेतात घाम गाळला, त्याच्या सातव्या दिवशी राजाला लागणारे कसब तयार होत होते. धनुष्य त्याचे, रविवार त्याचा, खांदा त्याचा.

मग तो लढाईवर का जाई? प्लेगच्या महामारीनंतर मजूर कमी पडले आणि मजुरी चढू लागली, तेव्हा १३५१ साली कायद्याने मजुरी बांधून टाकण्यात आली. कापणी करणाऱ्याला दिवसाला दोन-तीन पेनी, मुख्य सुताराला तीन पेनी. याच काळात घोडा असलेल्या तिरंदाजाचा रोज सहा पेनी होता, पायी तिरंदाजाचा तीन. गावात ज्या हाताचा भाव कायद्याने दाबला होता, त्याच हाताला लढाईत दुप्पट दाम मिळत होता. तो का गेला, याचे उत्तर शौर्याच्या पोवाड्यांत जितके सापडेल, तितकेच या आकड्यांतही सापडेल.

संथ बंदुकीपुढे हार

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. हा वेग जगातून गेला कसा?

सर्वसाधारण समजूत अशी की, बंदूक आली, ती अधिक जलद होती, म्हणून धनुष्य मागे पडले. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए याने मोगल फौजेविषयी लिहिले आहे की, बंदूकवाला दोनदा बार काढीपर्यंत घोडेस्वार तिरंदाज सहा बाण सोडतो. इंग्लंडात सर जॉन स्मिथ याने १५९० साली धनुष्याची बाजू मांडणारा ग्रंथ छापला, त्यातही बंदुकीच्या एका बारामागे चार-पाच बाण असे प्रमाण आहे. तोड्याच्या बंदुकीत दारू ओतावी, गोळी ठासावी, काना भरावा, तोडा फुंकून लावावा. पावसात तर तोडाच विझे. वेगाच्या शर्यतीत धनुष्य उघड जिंकत होते. असे असता स्मिथच्या ग्रंथावर राणीच्या सरकारने बंदी घातली, आणि १५९५ साली प्रिव्ही कौन्सिलने शिकाऊ पलटणींतील धनुष्ये काढून बंदुका देण्याचा हुकूम केला. जलद शस्त्र हरले आणि संथ शस्त्र जिंकले.

याची कारणे एकाहून अधिक आहेत. बंदुकीची गोळी जवळून चांगले चिलखत फोडी. बाणाला ते नेहमी साधत नसे. चांगल्या काठ्या परदेशातून आणाव्या लागत. पण त्या वेळच्या वादात विरोधकांनी जे मुद्दे मांडले त्यांत एक फार बोलका आहे. रॉजर विल्यम्स हा मुरलेला शिपाई होता. त्याचे म्हणणे असे की, काही महिने मोहिमेवर काढल्यावर, अर्धपोटी आणि आजारी झाल्यावर, जोरदार बाण सोडू शकणारे तिरंदाज फार थोडे उरतात. बंदुकीचे तसे नाही. चाप ओढणारा भुकेला असला, तापाने फणफणलेला असला, तरी गोळी तितक्याच जोराने जाते. धनुष्यात शक्ती माणसाची, बंदुकीत ती दारूची.

दुसरे, बंदूकवाला काही आठवड्यांत तयार होतो. तिरंदाजाला बालपणापासूनची वर्षे लागतात. एक बंदूकवाला पडला की दुसऱ्याच्या हातात तीच बंदूक देता येते. तिरंदाज पडला की त्याच्याबरोबर त्याची सारी वर्षे जातात.

हे किती खरे होते, ते ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांटोच्या आरमारी लढाईत दिसले. तुर्कांच्या आरमाराचा तेथे मोठा पराभव झाला. तुर्की दरबाराने हिंमत न सोडता एका हिवाळ्यात नवे आरमार बांधले आणि १५७२ च्या मोसमात ते समुद्रात उतरवलेही. लाकूड होते, पैसा होता, सुतार होते, जहाजे झाली. पण त्या लढाईत जे कसलेले तिरंदाज बुडाले, ते हिवाळ्यात घडवता येण्यासारखे नव्हते. गिलमार्टिन या इतिहासकाराने १९७४ च्या आपल्या ग्रंथात याच मुद्द्यावर भर दिला आहे की, तुर्कांची खरी भरून न येणारी हानी ती होती.

आणखी दोनशे वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बेंजामिन फ्रँकलिनने ११ फेब्रुवारी १७७६ च्या पत्रात जनरल चार्ल्स ली याला सुचवले की, धनुष्ये पुन्हा वापरात आणावीत. एका गोळीच्या वेळात चार बाण सुटतात, हे त्याने दिलेल्या कारणांपैकी एक होते. फ्रँकलिनसारखा चौकस माणूस. त्याचे गणित बरोबरच होते. पण धनुष्ये करून घेता आली असती तरी ती ओढणारे हजारो खांदे त्याने कोठून आणले असते? ज्या गावांत बाप मुलाला वाढत्या वयाबरोबर वाढते धनुष्य घेऊन देत असे, ती रीतच मोडली होती. कसबाची साखळी एका पिढीत तुटते, आणि मग पत्र लिहून ती सांधता येत नाही.

यातून घ्यावयाचे ते

श्रोते हो, ही चारशे वर्षांपूर्वीची परदेशातील हकीकत आम्ही इतक्या विस्ताराने सांगितली, ती केवळ कुतूहल म्हणून नव्हे. कुशल कामगाराच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते: माझा हात सर्वांत जलद आहे, तोवर मला कोणी हलवू शकत नाही. तिरंदाजाचा हात बंदुकीच्या तिप्पट-चौपट जलद होता. त्याला कोणीही वेगात हरवले नाही. ज्यांना फौज उभी करावयाची होती, त्यांना असा हात हवा होता की जो लवकर तयार होईल आणि गेल्यास सहज बदलता येईल. तो मिळताच त्यांनी जलद हात सोडून दिला.

मुंबईच्या गिरणगावाने हेच पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संपापूर्वीच पुष्कळसे कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर जाऊ लागले होते. संपानंतर तर तो ओघच लागला. भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमधले माग गिरणीच्या मागांहून वेगवान होते काय? त्यांतले कित्येक तर गिरण्यांनीच टाकून दिलेले जुने माग होते. पण तेथला विणकर परगावचा, असंघटित, कमी मजुरीवर राबणारा, आणि आज गेला तर उद्या दुसरा आणता येईल असा होता. गिरणीतला विणकर कसबी होता, आणि संघटितही होता. वेगाच्या कसोटीवर तो हरला नाही.

याचा अर्थ कसब व्यर्थ आहे, असा कोणी घेऊ नये. हस्तलाघव ही मनुष्याची मोठी कमाई आहे, आणि डेन्मार्कमधला एक माणूस केवळ हौसेने ती पुन्हा हाताला लावून घेतो, याचे आम्हाला कौतुक वाटते. परंतु हौशी माणूस आपला रविवार आपल्या मर्जीने देतो; १३८८ च्या मजुराचा रविवार कायद्याने घेतला होता. वेग तोच असला तरी दोघांच्या जिण्यात फरक आहे तो येथे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, ज्याच्या हातात कसब आहे त्याने त्याचा भाव वेळीच, म्हणजे त्या कसबाची गरज आहे तोपर्यंत, ठरवून घ्यावा. आणि एकट्याने ठरवू नये. पिसे बांधणारा, दांडे तासणारा, उंट हाकणारा हे सगळे त्या भावात धरलेले असावेत, कारण त्यांच्यावाचून भाता अडीच मिनिटांत रिकामा होतो. शिकण्यात गेलेली वर्षे आणि झिजलेला खांदा हीदेखील मजुरीच्या हिशेबातील बाब आहे, हे मालकाला, सरकारला आणि मुख्यतः स्वतःला पटवून द्यावे. इंग्लंडच्या तिरंदाजांनी लढाया जिंकल्या, पण असा करार त्यांना कधी करता आला नाही. धनुष्याची गरज संपली त्या दिवशी त्यांच्या हाती काही उरले नाही. आज यंत्रे बदलत आहेत आणि रोज नवे हात अनावश्यक ठरवले जात आहेत. अशा वेळी आपल्या गावातील कसबी माणसांनी हा जुना हिशेब एकदा वाचावा आणि आपला हिशेब मांडावयास बसावे, एवढ्यासाठीच हा विषय आम्ही आपणापुढे ठेवला.